सारखेच गुण

बुआथिप आणि इन्ता हे आमच्या उत्तर थायलंडमधल्या फयावकडचं सॉ गाणारं जोडपं. सॉमध्ये बाईनं एक कडवं टाकायचं, पुरुषानं त्याला उत्तर द्यायचं, तेही जागच्या जागी रचून. इन्ताला कडवी सुचायची झटपट, पण नावं म्हणाल तर शून्य. यजमान, त्याची आई, गावची वडीलधारी माणसं, सगळी बुआथिपच्या डोक्यात. "पी इन्ताचं डोकं माझ्याच मानेवर आहे," म्हणायची ती. 'पी' म्हणजे आमच्याकडचं आदराचं 'दादा', बायको नवऱ्यालाही म्हणते.

दोघांनाही एचआयव्ही आहे, हे गावाला ठाऊक. त्यांची मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून गोळ्या चालू आहेत आणि प्रकृती बरी. या आजारात विसरायला होऊ शकतं, म्हणून यंदा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी डोक्याचीही तपासणी केली. शब्द वाचून दाखवले, थोड्या वेळानं आठवून सांगायला लावले.

"दोघांना सारखेच गुण, मावशी. काळजी नको."

इन्ता खूश. "बघ, शेवटी तुझ्या बरोबरीला आलो!"

बुआथिप हसली नाही. हल्ली घरात तांदूळ भिजत पडलेला असायचा आणि ती पुन्हा भिजत घालायची. कुणाला बोलली नव्हती.

त्याच आठवड्यात गावातल्या कम्मूनच्या नव्या घराचा समारंभ होता. दोघं गाण्याच्या मचाणावर बसताना कम्मूनची बहीण ओरडली, "बुआथिप, आज नुसती सजलीस, की गाणारही आहेस?"

"तुझ्या लुगड्यावरच सुरुवात करते, थांब!" मंडळी हसली.

घराला आशीर्वाद द्यायची वेळ आली. कम्मूनच्या आईचं नाव घ्यायचं होतं. बुआथिपनं सूर लावला आणि गायली, "या घरात सिला शंभरी गाठो."

सिला कम्मूनची बायको. गेल्या पावसाळ्यात गेलेली.

हसू तिथल्या तिथे विझलं. सिलाच्या मुलीनं मान खाली घातली. नव्या घरात मेलेल्या माणसाला आयुष्य मागणं म्हणजे घरालाच अपशकुन! बासरीवाल्यानं सूर धरून ठेवला आणि इन्ताकडे पाहिलं. बुआथिपला आपण काय चुकलो ते कळलंच नव्हतं.

इन्ता गायला लागला,

"आली गं आली पायरीपाशी, दिसेना ती कुणाला,
घास काढा भाताचा वेगळा, घर दाखवा तिला."

सिलाची मुलगी उठली. केळीच्या पानावर भाताचा गोळा घेऊन तिनं आईसाठी जिन्याखाली ठेवला. कम्मूननं डोळे पुसले. "केवढी कल्पना केलीत दोघांनी!" म्हणून, सिलाचं नाव मुद्दामच घेतलं असं समजून, लोकांनी माना डोलावल्या.

मचाणामागे बुआथिपनं इन्ताची बाही धरली. "पी, ती गेल्याचं मला आठवलंच नाही. तिच्या मयताला मीच भात वाढला होता हो."

दुसऱ्या दिवशी इन्ता तिला घेऊन दवाखान्यात गेला. "बाई, माझ्याइतके गुण म्हणजे ही पास झाली असं नाही. मी पहिल्यापासून गळका माठ. हिची घागर काठोकाठ असायची."

नर्सबाईंनी गुणांचा कागद पुन्हा काढला. "खरंय. बायकांना शब्द सहसा पुरुषांपेक्षा जास्त लक्षात राहतात. दोघांना एकच पट्टी लावली की बाईची घसरण झाकली जाते. मी विचारायला हवं होतं. मावशी, झोप लागते?"

"रात्रीची गोळी घेतली की भलभलती स्वप्नं पडतात. जाग आली की मग नाही लागत."

"मागे का नाही सांगितलंत?"

"हे पास होऊन एवढे खूश होते..."

"मोठ्या दवाखान्यात पाठवते. विसरणं त्या गोळीमुळेही असेल, ती बदलता येते का, ते डॉक्टर बघतील."

"गेलेलं परत येईल?"

"थोडंफार येऊ शकतं. सगळं येईल, असं वचन नाही देत."

पुढच्या महिन्यात देवळाच्या उत्सवाची सुपारी घेतलेली होती. बाहेर आल्यावर इन्ता म्हणाला, "परत देऊन टाकू या का?"

"नाही. गाणार मी. कडवी रचीन. नावं तुम्ही पाठ करायची."

"या डोक्यात?"

"त्याच."

त्यानं मोटरसायकल सुरू केली आणि मागे वळून विचारलं, "बरं, मग देवळातल्या मोठ्या भिक्खूंचं नाव काय?"

बुआथिपला आठवेना. ती मागे बसली.

"वाटेत कुणाला तरी विचारू," ती म्हणाली.