तोमिएच्या खिडकीपुढचं मिकान

तोमिए लग्न होऊन जपानच्या उत्तरेकडच्या तोनो गावात आली, तेव्हा माहेरच्यांनी सोबत टोपलीभर मिकान दिली होती आणि एक कलम. मिकान म्हणजे आपलं संत्रंच म्हणा ना, जरा लहान आणि सैल सालीचं. तिचं माहेर दूर दक्षिणेला, समुद्रावर, तिथले डोंगरच्या डोंगर मिकानने लगडलेले. पण तोनोत मिकान लावायचं म्हणजे निव्वळ वेडेपणा. इथे मे महिन्यातही एखाद्या पहाटे सगळं गोठून जातं आणि कोवळी पानं जळाल्यासारखी काळी पडतात. शेजारीपाजारी हसले. सासूबाई म्हणाल्या, "लावा बापडे, चुलीला तरी होईल." नवरा सेइगो मात्र फावडं घेऊन गेला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे खड्डा खणायला लागला.

तेव्हापासून दर वर्षी, बर्फ पडायच्या आधी, दोघं कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाच्या, उबेत पाय घालून बागेच्या खर्चाचा अंदाज करायला बसायची. या गावात बाग राखायची तर ते करावंच लागतं. फाटकाजवळचं पाइनचं झाड सासऱ्यांनी लावलेलं. बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून मधोमध उंच बांबू रोवून वरून एकेका फांदीला दोर बांधायचे. दोर आणि बांबू वेगळे, ओइकावा माळ्याची आणि त्याच्या माणसाची रोजंदारी वेगळी. शिवाय दहाचा आणि तीनचा चहा, त्याबरोबर मुळ्याचं लोणचं आणि काहीतरी गोड. हा खर्च धरायलाच हवा, कारण चहा पाणचट निघाला तर माळी तोंडाने बोलत नाही, हाताने बोलतो, दोर सैल बांधून जातो. मिकानला पेंढ्याचं जाड पांघरूण. आणि शेवटी सेइगो छताकडे बघत म्हणायचा, "घरामागच्या निचऱ्याचं काम निघेल वसंतात. थोडे बाजूला ठेव."

तोमिए ठेवायची. पैशांची चणचण असली की स्वतःचा नवा कोट पुढच्या वर्षावर ढकलायची आणि जुन्याचं कौतुक करायची. काय दिवस होते ते. पैसा कधीच पुरायचा नाही, आणि तरी ती संध्याकाळ तिला सणासारखी वाटायची.

या फेब्रुवारीत सेइगो गेला. नोव्हेंबर उजाडला तशी मोठी नणंद मित्सुए येऊन बसली.

"पाइन म्हणजे या घराचं नाक आहे. एक फांदी जरी मोडली ना, गाव म्हणेल भाऊ गेला आणि घर बसलं."

"बांधणार आहे ना, वन्सं."

"आणि ते तुझं खेळण्यातलं झाड आता पुरे कर. एवढ्या वर्षांत एक फळ दिलंय का त्याने?"

पेन्शनमधून काटकसर करून तोमिएने चाळीस हजार येन जमवले होते. त्यात दोन्ही भागणार नव्हतं, हे तिला न मांडताच कळत होतं. खरं तर तिला पाइनचं काहीच नव्हतं. तिचा जीव खिडकीपुढच्या त्या झाडात अडकला होता. सेइगोने तिच्यासाठी म्हणून केलेली तेवढी एकच गोष्ट उरली होती.

ओइकावा सगळं बघून ओसरीच्या कडेला टेकला. तोमिएने चहा आणला. नेहमीपेक्षा दाटच.

"पाइनचे चाळीस हजार होतील, वहिनी. माझं काही नाही धरलेलं, पण माणसाची रोजंदारी द्यावीच लागते."

"आणि मिकानचे?"

ओइकावाने कपात नजर घातली. "त्याला यंदा काही नको."

"का बरं?"

"नको म्हणजे नको. उगाच पेंढा कशाला वाया घालवायचा."

"मेलंय म्हणून?"

ओइकावाने चहाचा मोठा घोट घेतला.

"ओइकावासान, मी मिकानवाल्यांची लेक आहे. पहिलं झाड तिसऱ्याच हिवाळ्यात मेलं. आधी उत्तरेला असलेला कलमाचा सांधा आपोआप दक्षिणेला फिरत नाही. तेव्हापासून किती झाडं बदललीत तुम्ही दोघांनी? तुमचा तो निचऱ्याच्या नावाचा खर्च फार महागात पडायचा हो मला."

म्हाताऱ्याचे कान लालबुंद झाले. "मग बोलला का नाहीत कधी?"

"कशी बोलू? मे महिन्यात हे मला हाताला धरून बाहेर न्यायचे. म्हणायचे, बघ, टिकलं की नाही, अगदी तुझ्यासारखं चिवट आहे. चेहरा असा फुलायचा त्यांचा. त्यावर मी पाणी ओतायचं का?"

ओइकावाने कप खाली ठेवला. मान हलवत तो हसला, पण ते हसू काही नीट जमलं नाही.

"वहिनी, त्याला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला कळलंय ते. मीच म्हटलं होतं एकदा, सांगून टाक, किती वर्षं फसवणार बायकोला. तर म्हणाला, तिला सगळं कळतं रे. दर साली निचऱ्याचे पैसे मुकाट्याने काढून देते. ती विचारत नाही, तोवर आपण सांगायचं नाही."

अंत्यविधीच्या दिवशी तोमिएच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आल्यागेल्याचं करण्यातच दिवस गेला होता. आता मात्र ती परक्या माणसासमोर ओसरीवर बसून भडभडून रडली. इतकी वर्षं तिला वाटायचं, हे गुपित आपण एकटीने सांभाळलंय. आणि तो दर मे महिन्यात, सगळं ठाऊक असून, तिला हाताला धरून नेत होता.

"पक्के लबाड होते," ती नाक पुसत म्हणाली. मग फाटकाकडे बघत, "पाइनच्या वरच्याच फांद्या बांधा. अर्ध्या पैशांत होईल ना? खालच्यांना मी टेकू देते."

"खालची एखादी मोडली तर मित्सुएबाई मला सोलून काढतील."

"वन्संचं मी बघते. उरलेले पैसे ठेवून घ्या. बर्फ वितळल्यावर नवीन झाड आणा." ती रिकामे कप गोळा करायला लागली. "पण कधी आणणार ते मला सांगायचं नाही. मी घरात नसेन असं बघून लावून जा."