हरायला ठेवलेला मार्कर

महेबूब मार्करसारखं हरणं अख्ख्या मराठवाड्यात कुणाला जमत नव्हतं. मार्कर म्हणजे क्लबाचा टेनिसगडी. कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या आणि साहेबाला जोडीदार नसला की समोर उभं राहायचं. आणि हरायचं. सोपं वाटतं होय? मोठ्या साहेबांशी, म्हणजे कलेक्टरांशी सहा-चार, इंजिनीअर साहेबांशी सात-पाच, आणि वर घाम पुसत म्हणायचं, "आज लई पळवलंत, साहेब!" तहसीलदाराला मात्र तो धुऊन काढायचा. त्याला बढती मिळू द्या, मग बघू, म्हणायचा.

नांदेडच्या क्लबात बापाच्या हाताखाली तो हे शिकला होता. लातूरचा नवा जिल्हा झाला, साहेब आले, साहेबांमागं क्लब आला, क्लबामागं कोर्ट, आणि कोर्टामागं महेबूब, बायको जाहिदासकट. दोन-तीन वर्षं झकास गेली. मग पाऊस रुसला तो रुसलाच. गावात टँकर फिरायला लागले, कोर्टाचं पाणी बंद झालं, मुरूम असा उडायचा की साहेबांची पांढरी पँट विटकरी होऊन घरी जायची. मेंबर एकेक करून गळाले. उरले एकटे मोठे साहेब.

त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं की आता चेंडू फेकणारं मशीन निघालंय. उचलून कुठंही न्यावं, एकट्यानं प्रॅक्टिस करावी. "मग महेबूबला टँकरवर लावू," साहेब म्हणाले. "माणसं कमीच पडताहेत." आणि कळस म्हणजे, दोन मशीनं बघायला मागवली त्यातलं कुठलं घ्यायचं, ते महेबूबनंच ठरवायचं! त्याच्याएवढं टेनिस कळतंय कुणाला?

जाहिदानं कपाळावर हात मारला. "म्हंजे आपली सवत आपणच पसंत करायला निघालाव व्हय?"

"हुकूम हाय."

"मग जे बिघडकं असंल तेच घ्या. आठ दिसांत बसलं पायजे. टँकरवर पाइप धरून उभं राहिलाव तर बाया पाण्याआधी तुमालाच धुतील!"

महेबूबला पटलं. शंभर टक्के पटलं.

मशीनं आली. सोबत पुण्याचा विक्रेता, गळ्यात टाय, नाकाला रुमाल. क्लबाचे सेक्रेटरी माणिकप्पा डाळमिलवाले धोतर सावरत हजर झाले. माणिकप्पांना कुठलंही यंत्र दाखवा, ते डाळमिलच्या हिशेबानंच बघणार.

पहिलं मशीन हे एवढं धूड, विजेवर चालणारं. दोन चेंडू टाकले आणि लाइट गेली. लाइट आली तशी त्यानं तीन चेंडू एकदम ओकले. त्यातला एक माणिकप्पांच्या धोतरात शिरला. "हे नुसतं भरडतंय, पाखडत न्हाई," माणिकप्पा लांब सरकत म्हणाले. महेबूब मनात खूश झाला. घ्यायचं ते हेच.

दुसरं सुटकेसएवढं होतं, खाली चाकं, जीपच्या बॅटरीवर चालणारं. महेबूब रॅकेट घेऊन समोर उभा राहिला. पहिला चेंडू आला आणि हाताच्या सवयीनं त्यानं तो नेटमध्ये घातला. मशीन खूश झालं नाही. 'वेल प्लेड' म्हणालं नाही. त्यानं नुसता पुढचा चेंडू टाकला. महेबूबनं तो मारला. पुढचाही मारला. मग बॅकहँड, बापानं शिकवलेला, रेघेला चाटून जाणारा, जो कुठल्याच साहेबापुढं काढायची सोय नव्हती. पन्नास चेंडू संपले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पहिला सोडला तर आपण एकही मुद्दाम चुकलो नाही. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या भर कोर्टात एकटाच हसत होता.

"कुठलं घ्यायचं, महेबूबभाई?" माणिकप्पांनी विचारलं.

"दुसरं," महेबूब म्हणाला, आणि लगेच स्वतःच्या जिभेला मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मशीनसमोर उभे राहिले. आता गंमत बघा. साहेब आल्यापासून महेबूब त्यांना प्रत्येक चेंडू फोरहँडवर, कमरेच्या उंचीला, ताटात पुरी वाढावी तसा वाढत आला होता. मशीनला कसली आलीय जाण! त्यानं धाडकन बॅकहँडला टाकला. साहेबांनी हवा मारली. दुसऱ्याला पण हवा. पाचवा चेंडू भिंतीपलीकडं गेला, तिथं टँकरची रांग लागली होती. घागरी ठेवून बाया भिंतीवरून बघायला लागल्या आणि खदाखदा हसल्या. त्यातलं एक हसणं जाहिदाचं, हे महेबूबनं बरोबर ओळखलं.

साहेब लालबुंद झाले. "मशीन डिफेक्टिव्ह आहे! नीट बॉलच टाकत नाही. परत पाठवा."

माणिकप्पांनी वाकून मशीनच्या तोंडात बघितलं. "हाव साहेब. माल बाद हाय."

नोकरी वाचली. जाहिदानं शिरा केला. महेबूबनं दोन घास खाऊन ताट सारलं.

"आता काय झालं? गेली की सवत!"

"तेच तर," महेबूब म्हणाला. "बापापासनं मी साहेबच बघितले गं समोर. पहिल्यांदा कुणीच न्हवतं." त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तिच्याशिवाय कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा महेबूबशी खेळले. पाच-चार, साहेबांना एक पॉइंट हवा. साहेबांचा चेंडू चुकून महेबूबच्या बॅकहँडवर आला, थेट मशीननं टाकावा तसा. महेबूबचा हात त्याला न विचारताच फिरला. चेंडू रेघेवर पडला, चुना फस्सकन उडाला.

"आऊट!" साहेब ओरडले.

महेबूब रेघेपाशी गेला. वाकून बघितलं. चुन्यात गोल खूण उमटली होती.

"हाव साहेब. बाहेर," तो म्हणाला. "सहा-चार. आज लई पळवलंत."

साहेब खुशीत गेले. महेबूबनं रोलर काढला आणि सगळं कोर्ट दाबून काढलं, तेवढी खूण सोडून.