बंदूक विकायला लागणारे कागद

आबिड्सच्या बाजारातल्या एका बंदुकीच्या दुकानात मी कागद तपासायचो. एकदा एक चाळिशीतला माणूस लकवा झालेल्या बापाला चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आला. बापाची बंदूक विकायची होती. मी म्हटलं, "लायसन्स यांचं आहे, सही यांचीच लागेल. नाहीतर मृत्यूचा दाखला."

त्याने बापासमोरच विचारलं, "दोनों में जल्दी क्या होता?"

बापाने मान खाली घातली. सहीऐवजी अंगठाही चालला असता, पण माझं डोकं असं फिरलं की मी सांगितलंच नाही.

दोन महिन्यांनी तो दाखला घेऊन आला, खुशीतच. मी म्हटलं, "आता सगळ्या वारसांच्या सह्या आणा. बहिणी किती?"

"चार," म्हणाला, आणि बापासारखीच मान खाली घातली.