वाचून केलेली सही

मंगळवार, चौदा तारीख, सकाळचे सव्वादहा. वाघोलीतल्या एका सोसायटीचा चौथा मजला. हजर: मी, माझी धाकटी बहीण, पोलीस ठाण्यातले एक हवालदार आणि बहिणीची सासू. गैरहजर: बहिणीचा नवरा. त्याच्यासाठीच बाकीचे जमलो होतो.

मी खडकीला एका कारखान्यात हजेरीपट सांभाळते. आठवणीही तशाच येतात: तारीख, वेळ, हजर, गैरहजर.

बहिणीला आणि तिच्या मुलीला कोर्टानं पोटगी मंजूर केली त्याला तीन वर्षं झाली होती. चार महिने मिळाली, मग बंद. दोघी माझ्याकडे बाहेरच्या खोलीत राहत होत्या. मुलीच्या शाळेजवळ बहिणीनं एक खोली बघून ठेवली होती. पोटगी पुन्हा सुरू झाली तरच ती परवडणार होती, आणि मालकीणबाई दिवाळीपर्यंत थांबायला तयार होत्या. आम्ही वसुलीचा अर्ज केला. कोर्टानं अटक वॉरंट काढलं. कात्रजच्या जुन्या पत्त्यावरून ते परत आलं. तो घर सोडून गेला होता. नवा पत्ता शोधायचा कोणी? आम्हीच. हुकूम कोर्टाचा, शिक्का कोर्टाचा, माणूस मात्र बायकोनं दाखवायचा. दोन महिने खपून मी वाघोलीचा पत्ता काढला.

"तो इथं राहत नाही," सासूबाई दारातच म्हणाल्या.

बहिणीनं चपलांच्या रॅककडे बोट दाखवलं. "हे बूट त्यांचे आहेत. मीच घेतले होते."

"बूट टिकले बघ," सासूबाई म्हणाल्या. "संसार तेवढा टिकला नाही."

हवालदारांनी दोन्ही खोल्या, बाथरूम, गॅलरी पाहिली. कोणी नव्हतं. "मॅडम, वॉरंट माणसावर असतं, बुटांवर नसतं," ते मला म्हणाले आणि जिन्यात उभं राहून अहवाल लिहू लागले. सदर इसम मिळून आला नाही, या पत्त्यावर राहत नसल्याचे दिसून आले. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा होती. त्यांनी शेजारची दोन दारं वाजवली. एक उघडलं नाही, दुसरं उघडून लगेच बंद झालं.

"सहीशिवाय साहेब कागद घेणार नाहीत," ते म्हणाले. "परत यावं लागेल."

बावीस वर्षांत मी अर्धवट कागद पुढे पाठवलेला नाही. मी अहवाल वाचला. फ्लॅटचा नंबर चुकला होता, तो त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतला. वेळ राहिली होती, ती घालायला लावली. मग सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं.

पुढच्या तारखेला कोर्टात बहिणीच्या नवऱ्याच्या वकिलांनी तोच कागद पुढे केला. "अर्जदाराच्या सख्ख्या बहिणीनंच लिहून दिलंय, तो तिथं राहत नाही."

न्यायाधीश बाईंनी मला पुढे बोलावलं. "सही तुमची?"

"हो."

"वाचून केली?"

"हो. पण बूट..."

"बुटांचा उल्लेख यात कुठे आहे?"

नव्हता. फ्लॅटचा नंबर बरोबर होता, वेळ बरोबर होती, बूट राहून गेले होते. नवा पत्ता द्या, मग नवं वॉरंट काढू, असा आदेश झाला. तारीख दिवाळीनंतरची पडली.

बाहेर बाकावर बसून बहिणीनं फाईलची नाडी बांधली. मग म्हणाली, "ताई, आता पत्ता नको शोधूस."

"का गं?"

"शोधलास तरी तिथं जायला माझ्यात दम नाही."

रिक्षात तिनं फाईल माझ्या मांडीवर ठेवली.

घरी भाची दप्तर भरत होती. "नव्या खोलीत माझं टेबल खिडकीपाशी ठेवायचं ना, मावशी?" तिनं विचारलं. मी पाणी प्यायला आत गेले.

माझ्या वहीतल्या त्या दिवसाच्या यादीतल्या इतर कामांवर खुणा झाल्या आहेत. मालकीणबाईंना खोली नको म्हणून कळवायचं, ही ओळ तेवढी तशीच आहे. बहीण म्हणते तू फोन कर. मी नंबर लावते, आणि पलीकडून उचलायच्या आत बंद करते.