बत्तीस वेळा चावणारे मास्तर

आमच्या आरोग्याच्या मास्तरांइतका आरोग्याचा अभिमानी आणि आरोग्याच्याच बाबतीत दरिद्री माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. शहाद्याजवळच्या खेड्यात आम्ही दोघे शिक्षक, राहायलाही एकाच खोलीत. त्यामुळे वर्गातले त्यांचे ज्ञान मला घरीही सोसावे लागे. पुण्याहून त्यांनी आहाराचा रंगीत तक्ता आणला होता. त्यावर दूध, तूप, बदाम आणि सगळ्यांत वर द्राक्षांचा घड. द्राक्षे पोरांनी जन्मात पाहिली नव्हती. ती त्यांना करवंदांचे श्रीमंत भाऊबंद वाटत. शिवाय प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा असा मास्तरांचा दंडक. मधली सुट्टी संपे तरी वर्ग आपला चौथ्या घासावर. स्वतः मास्तर कोरड्या भाकरीवर आणि मिठावर राहत. भाकरी नीट चावली की भाजीची गरजच उरत नाही, पाला हा गुरांसाठी, असे त्यांचे शास्त्र होते.

एकदा दिवेलागणीला आम्ही एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो. ओट्याजवळ कोणीतरी सावकाश, लयीत चावत होते. मास्तर थबकले आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, "शाबास. अगदी असंच चावावं."

ती म्हैस होती. मी पोट धरून हसलो. दारात उभी असलेली मुलीची आई मात्र हसली नाही, मास्तरांकडे नुसती बघत राहिली. खोलीवर आल्यावर मास्तरांनी उशीखालून राजीनामा काढून माझ्यापुढे ठेवला. महिनाभर तिन्हीसांज झाली की त्यांना काही दिसत नव्हते. तपासणीला साहेब येणार होते; त्यांना कळून ते काढून टाकतील, त्यापेक्षा आपणच जावे, असे त्यांनी ठरवले होते. मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.

सकाळी ती बाई पदराखाली काहीतरी घेऊन आली. "मास्तर, हाऊ शेवगाना पाला शे," ती म्हणाली. "पंधरा दिन खा. मंग पोरेसले शिकाडा."

एरंडेल घेतल्यासारखे तोंड करून मास्तरांनी ती भाजी खाल्ली, आणि तीही प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून. पंधराचे वीस दिवस झाले. मग एका संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसलेले असताना ते हळूच मला म्हणाले, "त्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे हो." त्या रात्री आमची चूल राजीनाम्याने पेटली.

पुढे त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी तक्ता शाळेत ठेवला नाही. त्या बाईच्या घरी स्वतः खिळा ठोकून लावला. आता मास्तर नाहीत. त्यांच्यामागे मी एकदा तिच्याकडे गेलो होतो. तक्ता धुराने काळा पडला होता. तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण द्राक्षांच्या घडावर मास्तरांनी वेड्यावाकड्या हाताने रंगवलेला शेवग्याचा पाला तिने मला बोटाने दाखवला.