काकांची दुसरी ओळ

शेजारच्या घरचे किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. भिंत पातळ हवी आणि विरजण मागायची सवय हवी, बस! थाटीपूरच्या आमच्या सरकारी क्वार्टरांत भिंती पातळ आहेत, आणि विरजण मी रोज मागते.

*

शेजारचे दिघेकाका इथल्या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळात मुलांना कविता शिकवायचे. मी दहावी पास, पण मागे जाऊन बसायचीच. काका म्हणायचे, "शेवटचं अक्षर सारखं म्हणजे यमक नव्हे! 'राम' नि 'काम' जुळतं, 'राम' नि 'कलम' नाही. आधीचा स्वरही जुळायला हवा."

मी म्हटलं, "म्हणजे स्थळ बघण्यासारखंच की! नुसतं आडनाव बघून चालत नाही."

"सुमन, तू पुढे येऊन बैस!"

*

एकदा यमकांची रचना कुणाला कळेना. काकांनी दारातल्या चपला ओळीत मांडल्या. दोन कोल्हापुरी, दोन स्लिपर. "हे जोडीजोडीनं." मग कोल्हापुरी, स्लिपर, परत कोल्हापुरी, परत स्लिपर. "हे एकाआड एक."

त्या गोंधळात मी एका पायात कोल्हापुरी नि एका पायात स्लिपर घालून घरी!

*

दिवाळीनंतर काकांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. भिंतीपलीकडून फक्त काकूंचा आवाज यायचा. माझा जीव थाऱ्यावर राहीना. दिवसातून तीनदा वाटी घेऊन जायची.

त्यांची सून पूजा हिंदी घरातली. म्हणाली, "आंटी, दही तो आप सुबह ही ले गई थीं!"

"अगं, ते नासलं."

तिनं वाटी काढून घेतली. "बैठिए ना. मम्मीजी कुछ खा नहीं रहीं."

*

एका सकाळी काकू चहा पाजता पाजता सहज पुटपुटल्या, "कपात ओतला गरम चहा, खिडकीबाहेर जरा..."

"पहा," काका म्हणाले!

पूजाच्या हातातलं ताट पडलं. मी सहा घरी पेढे वाटून आले.

डॉक्टर मात्र म्हणाले, "जल्दी मत कीजिए. ये पुरानी आदत बोल रही है. अपने मन का एक शब्द बोलें, तब मानूँगा."

डॉक्टरांसाठी नेलेला पेढा पर्समध्येच राहिला.

*

मग काकू दिवसभर ओळी जुळवायच्या. 'भात' म्हटलं की काका 'हात' म्हणायचे. पण "पाणी हवंय का?" विचारलं की नुसते बघत राहायचे. काकूंचा घसा बसला. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "सुमन, आत माणूस आहे ना गं? की नुसतं यमकच उरलंय?"



*

परवा दुपारी गेले, तर काकू पलंगाशी बसलेल्या. आवाज जेमतेम फुटत होता.

"गच्चीत वाळत घातली डाळ, बघता बघता संध्या..."

पूजा थांबली. मी थांबले. 'काळ' तर माझ्याच ओठांवर आला होता.

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग डाव्या हातानं त्यांचा पदर धरला.

"थकलीस," ते म्हणाले.