धुण्याच्या दगडाची खालची बाजू

ओल्या दगडाला साबणाचा वास आला की मला थोरल्या बहिणीची, आक्काची, सासरची वाडी आठवते. निपाणीच्या पुढं तंबाखूच्या रानात चार घरं आणि एक विहीर, एवढीच ती वाडी. दोन घरांत मराठी बोलत, दोन घरांत कानडी, आणि धुणं सगळ्यांचं विहिरीजवळच्या एकाच दगडावर. त्या दगडाच्या खालच्या बाजूला जुना लेख आहे, असं कुणीतरी बाहेर सांगितलं आणि मी तिथं सुट्टीला गेले असताना एका दुपारी दोन जीपा आल्या. सीमावादाचे दिवस; एकीतल्यांना अक्षरं मराठी निघायला हवी होती, दुसरीतल्यांना कानडी. पहारी लावून त्यांनी दगड उलटला, तर सगळीकडं काळी चिकट माती. बाटलीतल्या पाण्यानं ती नुसतीच पसरली. जीपमधल्या काठ्या मला दिसत होत्या. "आक्का, एक घागर द्या, धुऊन बघतो," एकजण म्हणाला. आक्काच्या कमरेवर घागर भरलेली होती. "पाणी न्हाय," ती म्हणाली. ते शेजारच्या कानडी म्हातारीकडं वळले. तिनं शांतपणे विहिरीचा दोर गुंडाळला, काखेत मारला आणि तिच्या कानडीत तेच म्हणाली, "नीर इल्ला." वाटसरूला ताक पाजल्याशिवाय न सोडणाऱ्या या बायका! मग शिव्या घालत दोन्ही जीपा गेल्या, आणि बायकांनीच जोर लावून दगड पुन्हा पालथा घातला. आता मी शाळेत इतिहास शिकवते. वाडीवर गेले की त्याच दगडावर धुणं आपटते. उलटून वाचायचा मोह अजून होतो, पण त्यासाठी पाणी कुणाकडं मागणार?